वेताची सहावी खुर्ची

काशीरामला त्या व्यवहारात तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, खुर्च्या पारखून देण्याचे दोनशे रुपये. दुसरी, त्याच खुर्च्या नव्याने विणायचं काम, म्हणजे जवळजवळ महिनाभराची चूल. तिसरी मिळायची होती हे त्याला सकाळी घरातून निघताना ठाऊकच नव्हतं. ते कळलं साडेअकराच्या सुमारास, पळस्पे फाट्याजवळच्या प्रभाकरच्या गोदामात, एका पालथ्या खुर्चीच्या पोटाखाली हात घातल्यावर. मागाहून शिरलेली रक्कमच हिशेब बिघडवते.

काशीराम वेताच्या खुर्च्या विणतो. आंधळा आहे. लहानपणी गोवरात डोळे गेले, बापाने मुंबईच्या अंधशाळेत टाकला, तिथून दोन गोष्टी घेऊन तो गावी परतला: वेत विणायची कला आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेण्याची सवय. दुसरी पनवेलात फार कमी लोकांकडे आहे, त्यामुळे तिचं मोल जास्त.

प्रभाकर जुन्या सामानाचा व्यापारी. कुठे बंगला पडायचा असला की घरच्या म्हाताऱ्याच्या आधी प्रभाकरला कळतं. त्याच्या गोदामात खरा जुना माल असतो आणि नव्याने जुना केलेलाही असतो. कालच्या लाकडाला चहाचं पाणी पाजायचं, वरून बुटाचं पॉलिश घासायचं, दोन गंजके खिळे दिसतील असे ठोकायचे, की झाली शंभर वर्षांची खुर्ची. म्हणून शहाणी गिऱ्हाइकं काशीरामला सोबत आणतात. प्रभाकरला याचा राग यावा, पण येत नाही. काशीरामने दहातल्या चार वस्तू नाकारल्या तरी उरलेल्या सहा दुप्पट भावाने जातात, हे त्याने केव्हाच ताडलंय. "माझी रोकड काशीरामच्या बोटांत आहे," असं तो म्हणतो. ती बोटं मात्र त्याने कधी चहाच्या कपापलीकडे पोसली नाहीत.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे कादंबरीताई आणि त्यांचे यजमान सत्यजीत. नवीन पनवेलला सेक्टरमध्ये मोठा फ्लॅट घेतलेला, दोन हजार अकराचा दसरा चार आठवड्यांवर आलेला. ताईंना जेवणाच्या टेबलाभोवती जुन्या सहा खुर्च्या हव्या होत्या. "सोफा काय, सगळ्यांकडेच असतो," त्या म्हणाल्या. सत्यजीत न्हावा शेव्याच्या एका शिपिंग कंपनीत. रोज हजार कंटेनर नवा माल देशात उतरवून घेणारा माणूस. जुन्या वस्तूंवर त्याचा विश्वास बेताचाच.

"नवीन खुर्चीत फोम असतो, जुन्या खुर्चीत ढेकूण," तो म्हणाला.

"तुझ्या आईसमोर बोल हे. तिच्या माहेरच्या पलंगात दोन्ही नव्हते आणि तू त्यावरच वाढलास," कादंबरीताई म्हणाल्या.

प्रभाकरने सहा खुर्च्या रांगेत मांडल्या. उरणच्या एका मिठागरमालकाच्या बंगल्यातल्या. बंगला अठरा-वीस वर्षं कुलपात होता, वारस परदेशात. शिसवी लाकूड, पाठ आणि बैठक वेताची. वेत कुठे फाटलेला, कुठे सैल, पण सांगाडा देखणा.

"बसून बघू?" ताईंनी विचारलं.

"बसायचं शेवटी, ताई," काशीराम म्हणाला. "पयली उलटी करायची. वरून सगल्याच खुर्च्या सोज्वल असतात. खरं काय ते खाली."

मग त्याने काम सुरू केलं. ते बघण्यासारखं असतं. तो खुर्ची मांडीवर पालथी घेतो, आधी वजन जोखतो, मग नखाने पायाच्या आतल्या बाजूला टोकरतो, जिथे पॉलिश करणाऱ्याचा हात आळसाने पोचत नाही. सांध्याला अंगठा लावून डुलवतो. पुढच्या आडव्या पट्टीवरून तळवा फिरवतो: माणसं तिथे टाचा टेकवतात, तर ती मधोमध झिजलेली हवी. सगळीकडे सारखीच झिजली असेल तर ती माणसांनी नाही, पॉलिश-पेपरने झिजवलेली. शेवटी वास घेतो. चहा पाजलेलं लाकूड त्याला हातभरावरून कळतं.

पहिली पास झाली. दुसरीला तो थांबला. "हिचा पुढचा डावा पाय मागनं लावलेला हाय. आंब्याचा. बाकी शिसव."

"अरे, कुणीतरी साठ सालात लावला असेल," प्रभाकर म्हणाला.

"साठात लावला म्हणून आंब्याचा शिसव होतो का, शेठ?"

सत्यजीत मोठ्याने हसला. त्याला खुर्च्यांपेक्षा हा माणूस आवडायला लागला होता. तिसरी पास. चौथीच्या बैठकीच्या चौकटीला एक बाजू चिरलेली निघाली. "विणायला घेतली तर भोकं एकात एक फाटतील. ही बाजू बदलाय पायजे." पाचवी उत्तम, सगळ्यांत उत्तम.

कादंबरीताईंनी वहीत टिपून घेतलं आणि प्रभाकरला बजावलं, "बदलायचं ते बदला, पण नवं लाकूड मला चालणार नाही. त्याच वयाचं, त्याच जातीचं पाहिजे. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल."

"जातीचंच देतो, ताई," प्रभाकर म्हणाला. कुठून देणार हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

मग काशीरामने सहावी मांडीवर घेतली. वजन जोखलं, पाय पाहिले, पट्टी पाहिली. खुर्ची निर्दोष होती. बैठकीखाली हात घातला आणि हात तिथेच राहिला.

वेताचं विणकाम खालून कुणी बघत नाही. पट्टीचं टोक भोकातून खाली काढतात, शेजारच्या पट्टीखालून एक वेढा देतात आणि कापतात. सगळे विणकर असंच करतात, काशीरामही. आधीच्या पाचांखाली वेढेच लागले होते. या खुर्चीखाली वेढे नव्हते, गाठी होत्या. जाळ्याच्या. कोळी लोक जाळं सांधताना मारतात तशी छोटी, घट्ट, चपटी गाठ, एकेका भोकाशी एकेक.

अशा गाठी मारणारी बाई उभ्या तालुक्यात एकच होती, आणि ती दहा वर्षांपूर्वी काविळीने गेली. चंद्रावती, काशीरामची बायको.

ती उरणची कोळीण. बापाच्या शेजारी बसून जाळी सांधत मोठी झालेली. लग्नानंतर विणणं तिला काशीरामने शिकवलं, पण शेवटची गाठ तिने स्वतःची ठेवली. "तुमचा वेढा माज्या बापाच्या जाल्याला लावला असता ना, तर मासे हसत हसत घरी गेले असते," असं म्हणायची. दोघं मिळून गावोगाव, बंगल्याबंगल्यांत विणायला जात. तो हाताने विणायचा, ती हाताने आणि तोंडाने: भिंतीवर काय आहे, मालकीण कशी दिसते, चहात दूध किती घातलंय, सगळं त्याच्या कानात. ती गाठ शिकून घ्यायचं काशीरामच्या मनात होतं. घाई नव्हती.

आता यातली गोम अशी की तिचं विणलेलं काहीच उरलं नव्हतं. वेताचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं. तिने विणलेल्या खुर्च्या एकेक करून फाटल्या, काशीरामकडेच परत आल्या, आणि पोटासाठी त्यानेच त्या कापून नव्या विणल्या. सुरुवातीला वाटलं, पुढच्या येतील त्यातली एक ठेवू. पुढच्या यायच्या थांबल्या. घरात लग्नाचा फोटो आहे, मुलगी नीता त्याला दर दिवाळीला नवा हार घालते. काशीरामच्या लेखी तो काचेचा गुळगुळीत तुकडा. बायको त्याने बोटांनी पाहिली होती, आणि बोटांना दिसेल असं तिचं दहा वर्षांनंतर हे एवढंच सापडलं: एक हात लांब, एक हात रुंद.

"काय झालं, काका?" कादंबरीताईंनी विचारलं.

इथे काशीरामने खरं बोलायला हवं होतं, असं तुम्ही आम्ही घरी बसून म्हणू. पण तो तीस वर्षं या धंद्यात होता. धंद्याचा पहिला धडा असा की जी वस्तू हवी तिला नावं ठेवायची. प्रभाकरच्या गोदामात एखाद्या वस्तूवर प्रेमाने हात फिरला की तिचा भाव वाढतो, हे पनवेलातल्या शाळकरी पोरालाही माहीत. काशीरामने हात काढून घेतला, पँटला पुसला.

"ही नको," तो म्हणाला. "मागच्या पायाला आतून चीर हाय. वरून दिसायची नाय. जड माणूस बसला तर बसल्या जागी मोडंल."

प्रभाकर चमकला. "अरे, मी स्वतः बसलोय तिच्यावर!"

"तुमी धा मिनिटं बसला असाल, शेठ. जेवायला अर्धा तास लागतो."

कादंबरीताई हिरमुसल्या. सहाच्या पाच म्हणजे टेबलाची एक बाजू लंगडी. पण काशीरामच्या शब्दावर शंका घ्यायची रीत नव्हती. प्रभाकरनेही वाद सोडला. ज्या बोटांच्या जोरावर पाच विकायच्या त्यांनाच सहावीसाठी खोटं कसं पाडणार? सौदा पाच खुर्च्यांचा ठरला. आठ दिवसांत दुरुस्ती, मग विणकाम, दसऱ्याच्या आधी घरपोच.

संध्याकाळी नीताने बापाचा चेहरा पाहिला आणि भाजी अर्धवट निवडलेली तशीच टाकली. ती एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर नोंदी करते. चुकीचा आकडा तिला लगेच दिसतो.

"काय लपवतोस, बाबा?"

त्याने सांगितलं. आई गेली तेव्हा नीता अकरा वर्षांची होती. तिच्या आठवणीत आईचा आवाज आहे, हात नाहीत.

"मग सरळ माग ना उद्या! म्हणावं, माझ्या बायकोने विणलेली आहे."

"मागितली की तो म्हणंल, अरे व्वा, हिला तर कहाणी हाय. त्या ताईला तेच लागतं. खुर्ची वीस हजाराला जाईल, आनि आपन बघत बसू."

"बघत?" नीता म्हणाली. बापलेक दोघंही हसले. असले विनोद त्या घरात चालतात.

"आट दिस जाऊ दे," काशीराम म्हणाला. "विणकामाला गेलो की बोलताबोलता म्हणंन, शेठ, ती मोडकी कोपऱ्यात पडलीय ती मला द्या, मजुरीतले पाचशे कमी करा. तो म्हणंल घेऊन जा, जागा तरी मोकली होईल. आज मागितली तर त्याला वास येल."

नीताला ते पटलं नाही. पण तीस वर्षांच्या धंद्यापुढे तिची नोकरी दोन वर्षांची. तिने पटलेलं नसताना खोलीतला कोपरा तेवढा मोकळा केला. गॅसची रिकामी टाकी बाहेर काढली, फरशी पुसली. मधे एकदा काशीराम म्हणाला, खिडकीपासून लांब ठेवू, उन्हाने वेत कडक होतो. आणि खुर्चीवर कुणी बसायचं नाही, हेही ठरलं.

ते आठ दिवस काशीराम खुशीत होता. मला तो भाजीबाजाराजवळ भेटला तेव्हा त्याने मला चहा पाजला, ही नोंद करण्यासारखी गोष्ट. लोकांना वाटलं, नीताचं लग्न ठरलं.

नवव्या दिवशी सकाळी नीताने त्याला गोदामावर सोडलं आणि ती कामावर गेली. पाच खुर्च्या दुरुस्त होऊन उभ्या होत्या, जुना वेत काढलेला, भोकं साफ. प्रभाकर खूश होता. काशीरामने दुसऱ्या खुर्चीच्या पायाला नख लावलं. शिसव. जुना, मुरलेला. चौथीची चौकट पाहिली. तिची बाजूही शिसवीच, झीजसुद्धा जुळणारी.

"कुठून आणलंत शेठ, येवढं जुलनारं?"

"आणायचं कुठून? तूच तर दिलंस!" प्रभाकरने टाळीसाठी हात पुढे केला आणि मग त्याला आठवलं की हा हात काशीरामला दिसत नाही. "ती सहावी. तू म्हणालास मागचा पाय गेलाय. म्हटलं, मागचा गेलाय, पुढचे तर धड आहेत! पुढचा पाय दोन नंबरला दिला, चौकटीची बाजू चारला. ताईंना ओरिजिनल पाहिजे, याच्यापेक्षा ओरिजिनल कुठलं? आमच्या धंद्यात एक मोडली की पाच उभ्या राहतात."

हे खरं होतं. या धंद्यात असंच करतात, आणि काशीरामला ते प्रभाकरइतकंच ठाऊक होतं. दुसरीचा पाय त्यानेच पकडला होता. चौथीची चीर त्यानेच दाखवली होती. दोन खरे दोष आणि एक खोटा, तिन्ही त्याचेच. त्यांची बेरीज प्रभाकरने तेवढी केली.

काशीरामने विचारलं, "आनि बैठक?"

"कसली बैठक?"

"वेत. तिचा वेत."

"तो कापला की. चौकटीची बाजू काढायची तर वेत कापावाच लागतो, तुला मी सांगू? जीर्ण झाला होता रे. चांगला वाळलेला. सुताराने सरस तापवायला चुलीत घातला, एका काडीत पेटला." मग प्रभाकर थांबला. व्यापारी माणूस, समोरच्याचा चेहरा वाचण्यावर त्याचं घर चालतं. "का रे? काय होतं त्याच्यात?"

काशीराम चौथ्या खुर्चीजवळ बसला होता. चौकटीच्या जोडलेल्या बाजूवर भोकांची रांग होती. त्याने ती मोजली. चौदा. प्रत्येक भोकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. सुताराने भोकं चांगली साफ केली होती.

"चंद्रावतीनं विनलेली होती," तो म्हणाला.

प्रभाकर खाली बसला, समोरच्या नव्या-जुन्या पेटीवर. "मूर्ख माणसा," तो म्हणाला, "मागायची होतीस. अशीच दिली असती. एक रुपया घेतला नसता."

घेतला नसता का, हे मला सांगता येणार नाही. त्या क्षणी प्रभाकरला मनापासून तसं वाटत होतं, एवढं खरं. आठ दिवस आधी वाटलं असतं का, हे कोणाच्याच वहीत लिहिलेलं नाही.

"तुमची चूक नाय, शेठ," काशीराम म्हणाला. "बादली द्या. वेत भिजत घालतो."

त्याने पाचही खुर्च्या विणल्या. एकोणीस दिवसांचं काम चौदा दिवसांत केलं. चौथीला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रभाकर म्हणतो, तो त्या एका बाजूला यायचा आणि पट्टी भोकातून खाली काढून नुसता बसून राहायचा. गाठ मारायला बघायचा, ती सुटायची. पुन्हा मारायचा, पुन्हा सुटायची. शेवटी त्याने सगळीकडे घातला तसाच वेढा घातला आणि टोक कापलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खुर्च्या नवीन पनवेलला पोचल्या. मजुरी घ्यायला काशीरामबरोबर नीता गेली होती. कादंबरीताईंनी कौतुकाने खुर्च्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पेढे दिले आणि म्हणाल्या, "फक्त ती सहावी असती ना, काका!"

नीताचा तोल तिथे गेला. तिने सगळं सांगून टाकलं. काशीराम दोनदा "गप" म्हणाला तरी. कादंबरीताई ऐकत होत्या. मग त्यांनी चौथी खुर्ची ओळखून बाजूला घेतली.

"मला सांगायचं होतं हो," त्या म्हणाल्या. "मी पाचच घेतल्या असत्या. पाचच तर घेतल्या मी शेवटी. ही न्या. ही तुमचीच आहे."

"नाय, ताई," काशीराम म्हणाला. "ही मी विनलीय."

सत्यजीत त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. नंतर कळलं की त्या घरात सहावं माणूस जेवायला आलं की गच्चीतलं प्लास्टिकचं स्टूल आत येतं आणि त्यावर सत्यजीत बसतो. चौथ्या खुर्चीवर कुणाला बसवायचं याचा ताईंना अजून निर्णय घेता आलेला नाही.

तर जमाखर्च असा. कादंबरीताईंनी पाच खुर्च्यांचे पैसे भरले आणि पाच खुर्च्या मिळाल्या. त्यांची बाजू चोख. प्रभाकरला पाचांचा भाव आला, सहावीचं लाकूड त्याच भावात खपलं. त्याच्या खिशातून काही गेलं नाही, फक्त गिऱ्हाइकासमोर काशीरामने एखादी वस्तू वाईट म्हटली की आता तो त्याला बाजूला घेऊन विचारतो, "खरंच वाईट आहे ना रे?" काशीरामला दोनशे रुपये आणि पूर्ण मजुरी मिळाली; पाचशे कुणी कापले नाहीत. नीताने गॅसची टाकी परत कोपऱ्यात ठेवली. सहावीची पूर्ण किंमत काशीरामने एकट्याने भरली, आणि ती कुणाच्याच घरी गेली नाही.